झडपेतली दोरी

आई गेली त्या मंगळवारी माझी लेक वेन्ला पडवीत झोपली होती. बाहेर उणे आठ होतं आणि स्वच्छ ऊन पडलं होतं. मी दुकानातून दूध आणि मासे घेऊन परतले, तेव्हा बाबागाडी नेहमीच्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. मी वाकून पाहिलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण लोकरीच्या पिशवीत मानेखाली हात घातला तर चांगली ऊब होती. मग मी बुटांवरचा बर्फ झटकला आणि आत गेले.

आई स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसली होती. मान छातीवर टेकलेली. पुढ्यात कॉफी ओतलेली होती, प्यायलेली नव्हती. शब्दकोड्याचं पान उघडं होतं. मांडीवर कपडे वाळत घालायच्या दोरीचं नीट गुंडाळलेलं भेंडोळं होतं आणि दोरीचं टोक तिच्या उजव्या मुठीत.

रुग्णवाहिकेतून आलेल्या मुलाने तिची बोटं एकेक करून उघडली आणि दोरी टेबलावर ठेवली.

"दोरी बांधत होत्या का कुठे?" त्याने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असावं.

"असेल," मी म्हटलं.

रुग्णवाहिका बाबागाडीपासून तीन पावलांवर उभी होती. दारं उघडली, लावली, माणसं आत-बाहेर झाली. वेन्ला त्या सगळ्यात आणखी अर्धा तास झोपली.

*

आईची एक शेखी होती. ती म्हणायची, "मी पोराला पडवीत ठेवते, दार लावते, कॉफी ओतते. झालं. थंडी झोपवते, माणूस नाही." आमच्याकडे सगळीच मुलं दुपारी बाहेर झोपतात, त्यात विशेष काही नाही. पण बहुतेक आया बाबागाडी हलवत राहतात, गल्लीत दहा फेऱ्या मारतात, गुणगुणतात. आईला त्यांचं हसू यायचं. "झोपणं ही काय दोघांनी करायची गोष्ट आहे?"

मलाही तिने तसंच झोपवलं होतं. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या कोणत्याही कौतुकाची सुरुवात तिथूनच व्हायची. मिर्वा कशी? दार लावलं की दहा मिनिटांत गप्प. पुढे मी शिकायला शहरात गेले, पुस्तकं वाचू लागले आणि त्या बंद दाराला माझ्या मनात फार महत्त्व आलं. मला कुणाजवळ जाता येत नाही, कुणी जवळ आलं की मी ताठरते, याचं कारण मला ते दार वाटू लागलं. बाविसाव्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत, मी हे आईला बोलूनही दाखवलं. ती बटाटे सोलत होती.

"रडलीस तर रडलीस," ती म्हणाली. "मेली नाहीस ना?"

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

वेन्ला झाली आणि तिचे वडील तुर्कूला, त्यांच्या दुसऱ्या आयुष्यात निघून गेले, तेव्हा मी आईकडेच आले. माझ्याजवळ वेन्ला फक्त माझ्या छातीवर झोपायची. खाली ठेवलं की जागी. महिनाभर आईने ते पाहिलं आणि मग ऑक्टोबरमधल्या एका दुपारी माझा कोट माझ्या हातात दिला.

"जा, तळ्यापर्यंत जाऊन ये. तुझा वास आला की ती झोपत नाही."

"पण ती रडेल."

"रडू दे. तू एकच आई आहेस का जगात?"

मी तासाभराने परतले. वेन्ला पडवीत गाढ झोपली होती आणि आई शब्दकोडं सोडवत होती. तेव्हापासून रोज साडेअकराला मला घराबाहेर काढलं जायचं. आईच्या नुसत्या धाकानेच मूल झोपतं, असं मला वाटायचं. हेवाही वाटायचा.

*

आमच्या गावात माणूस गेल्यावर दफनाला दोन-तीन आठवडे जातातच. आईचा दिवस तिसऱ्या शनिवारचा ठरला, बारा वाजताचा. तिने सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. कोणती गाणी नकोत, कॉफीबरोबर कोणता पाव, आणि शवपेटी खड्ड्यात उतरवताना कोणता पट्टा कोणी धरायचा, माझ्या भावाने कोणता, मी कोणता. "डोक्याकडे उजवीकडे पेत्री, डावीकडे मिर्वा. बाईने का धरायचं असं कोणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

दफनानंतरच्या सोमवारी माझी रजा संपत होती. मला योएन्सूच्या ग्रंथालयात रुजू व्हायचं होतं आणि वेन्लाला तिथल्या पाळणाघरात. तिथे दुपारी अंगणात बारा बाबागाड्या ओळीने लावतात आणि बाया असतात दोन. जानेवारीच्या सुरुवातीलाच तिथल्या बाईंनी फोनवर प्रेमाने विचारलं होतं, "ती आपली आपण झोपते ना?"

"हो," मी म्हणाले होते. "आजीने शिकवलंय."

आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेन्लाला साडेअकराला पडवीत ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि आईसारखं दार लावलं. कॉफीही ओतली. वेन्ला चाळीस मिनिटं रडली. शेवटी मी तिला उचललं, तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी दाराच्या काचेतून पाहत राहिले. ती आधी रडत नव्हती. उताणी पडून बाबागाडीच्या दांड्याकडे एकटक बघत होती, काही व्हायची वाट पाहावी तशी. काही झालं नाही, तेव्हा तिने तोंड उघडलं.

तिला आजी गेल्याचं कळलंय, असं मला वाटलं. दहा महिन्यांच्या मुलाला काय कळतं ते मला ठाऊक नव्हतं. पण दफनाच्या दिवशी मी पट्टा धरून उभी असताना ती अशी रडत असणार, आणि सोमवारी त्या बारा बाबागाड्यांतली एक किंचाळत असणार, एवढं दिसत होतं. माझ्याकडे पंधरा दिवस होते.

शुक्रवारी शेजारची हेल्वीमावशी वेलदोड्याचा पाव घेऊन आली. तिचे गुडघे गेलेत, तरी ती बर्फातून काठी टेकत येते आणि आल्या आल्या बसते. बाहेर वेन्ला रडत होती.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"झोपायला शिकवतेय."

"रडायला शिकवतेयस. दोरी कुठाय?"

"कसली दोरी?"

हेल्वीमावशीने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. दोरीचं भेंडोळं अजून तिथेच होतं, कुणी उचललंच नव्हतं. काठीने तिने ते माझ्याकडे सरकवलं.

"तुला तिने सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"अगं बाई." ती हसली आणि आईचं नाव घेता घेता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इर्मा, इर्मा. काय बाई होती! ऊठ. ती झडप उघड."

मोठ्या खिडकीच्या बाजूला हवेसाठी अरुंद उभी झडप असते, आमच्याकडच्या सगळ्याच घरांना असते. मी ती उघडली.

"आता बाहेर जा. दोरी बाबागाडीच्या दांड्याला बांधायची नाही. नुसती दांड्यामागून घालायची, आणि दोन्ही टोकं झडपेतून आत दे."

मी तसं केलं आणि आत आले. दोन्ही टोकं खुर्चीच्या पाठीवर लोंबत होती.

"बस तिच्या जागी. ओढ. सैल सोड. ओढ. हात नाही, मनगट. तू काय गाय बांधतेयस?"

बाबागाडी हलली. चाकांखाली बर्फ करकरला. वेन्लाचं रडणं मधेच अडखळलं, एकदा हुंदका आला आणि मग नुसतंच करकर, करकर.

"रोज अशीच बसायची," हेल्वीमावशी म्हणाली. "मला माझ्या खिडकीतून दिसायचं. डाव्या हातात पेन्सिल, उजव्या हातात दोरी. कोडं कधी सुटलं नाही तिचं."

चार मिनिटांत वेन्ला झोपली. ते मला न बघता कळलं. दोरीच्या टोकाला तिचं हलणं जाणवत होतं, पाय झाडला की दोरीत थरथर यायची, आणि मग ती यायची थांबली.

"आता एक टोक सोड आणि दुसरं ओढून घे," हेल्वीमावशी म्हणाली. "म्हणजे बाहेर जायला नको, दार वाजायला नको. हळू."

मी डाव्या हातातलं टोक सोडलं. ते झडपेतून सुळकन बाहेर गेलं, दांड्याला वळसा घालून आलं. मी ओढत गेले आणि दोरी पूर्ण आत आली. थंडगार होती. ती मी कोपरावरून गुंडाळू लागले आणि तीन वळशांनंतर माझे हात थांबले.

आईच्या मांडीवरचं भेंडोळं नीट गुंडाळलेलं होतं. म्हणजे वेन्ला झोपली होती. म्हणजे आईने एक टोक सोडून दोरी आत घेतली होती, गुंडाळली होती, शेवटचं टोक तेवढं खोचायचं राहिलं होतं. काम झालं होतं. कॉफी राहिली.

हेल्वीमावशीने पावाचा तुकडा तोडून माझ्यापुढे ठेवला.

"झडपेची चौकट बघ," मग ती म्हणाली.

चौकटीच्या खालच्या कडेला दोरीने घासून दोन खाचा पडल्या होत्या. एक कोवळी, लाकूड अजून पिवळं. दुसरी तिच्या शेजारी, जास्त खोल, तिच्यावरून पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात फिरलेले.

"ती तुझी," हेल्वीमावशी म्हणाली.

*

पुढचे पाच दिवस मी वेन्लाला काहीच शिकवलं नाही. साडेअकराला दोरी घालायची, आईच्या खुर्चीवर बसायचं आणि ओढत राहायचं. ती झोपल्यावरही मी ओढत राहायची, कधी कधी तासभर. मनगट दुखायचं. ते बरं वाटायचं.

बुधवारी पेत्री आला. माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालेल्या माणसासारखा दिसतो, नेहमीच. दारातून त्याने आधी बाबागाडी पाहिली, मग दोरी, मग मला.

"काही लागलं का गळाला?"

"हळू बोल. झोपलीय."

"मग ओढतेयस कशाला?"

मी ओढतच राहिले. त्याने टोपी काढली, कॉफी ओतून घेतली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दोरीचं? अगं, आई गोठ्यात गेली की मीच ओढायचो तुला. एकदा जोरात ओढली तर तू बर्फात उलटी. आईने पळत जाऊन उचललं आणि मला एक ठेवून दिली." तो हसला. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, माहीत असेल."

"ती तर म्हणायची, दार लावलं की झालं."

"ते नर्ससाठी. तेव्हा दवाखान्यातली नर्स घरी यायची ना वही घेऊन. हलवू नका, लाडावेल, एकटं झोपायला शिकवा. आई म्हणायची, हो बाई, तसंच करते. आणि दोरी पिठाच्या डब्यामागे. मला ताकीद होती, तोंड उघडायचं नाही. नर्सने आईचं उदाहरण सगळ्या गावाला दिलं. मग काय, अडकली."

"पण मला? मी मोठी झाल्यावर? मी तिला इतकं बोलले..."

"कधी?"

मी त्याला ते नाताळचं सांगितलं. बटाटे, बंद दार, सगळं. सांगताना ते फार लहान वाटलं, पण मी पंधरा वर्षं त्यावर उभी होते. आई एका वाक्यात ते काढून घेऊ शकली असती. खिडकीकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

पेत्रीने कप फिरवला. "तू तेव्हा फार शहाण्यासारखं बोलायचीस, मिर्वा. मला पण भीती वाटायची. तिला वाटलं असेल, दोरीचं सांगितलं तर ही त्यावरही पुस्तकातलं काहीतरी काढेल."

मी दोरी ओढायची थांबले होते. बाहेर काही आवाज नव्हता.

"दहा दिवस राहिले," तो दाराशी जाऊन बूट घालताना म्हणाला. "पाळणाघरात झडप नाही. आणि डावीकडचा पट्टा मी दुसऱ्याला देणार नाही, आधीच सांगतो. कागदावर लिहिलंय."

"हेल्वीमावशी सांभाळेल तिला त्या वेळी."

"हेल्वीमावशीचा खांदा बघितलास का? ती चमचा उचलते तेच खूप."

*

गुरुवारपासून मी सुरुवात केली. पहिल्या दिवशी वेन्लाच्या पापण्या जड होईपर्यंत ओढलं आणि मग थांबले. ती कुरकुरली, रडली, मी दोनदा ओढून पुन्हा थांबले. दुसऱ्या दिवशी थोडं आधी थांबले. पुस्तकात काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. दोरी हातात होती, तीच सांगायची. थरथर वाढली की एक ओढ, कमी झाली की नुसतं धरून बसायचं. रविवारी वेन्ला अकरा मिनिटं रडली आणि ती अकरा मिनिटं मी मूठ आवळून, मनगट न हलवता बसले. दोरी ताणलेली होती एवढंच. दोरीतून माझं वजन तिच्यापर्यंत पोचत होतं.

मंगळवारी, आईला जाऊन दोन आठवडे झाले त्या दिवशी, मी दोरी घातली पण टोकं टेबलावर ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसले. गुरुवारी दोरी घातलीच नाही.

त्या दिवशी मी काचेतून पाहिलं. वेन्ला दांड्याकडे बघत होती. पूर्वीसारखंच, एकटक. थोड्या वेळाने तिने हातमोज्यातला हात वर केला आणि दांड्याच्या दिशेने एकदा, दोनदा हलवला. ओढ, सैल सोड. मग हात खाली पडला. ती कुरकुरली, स्वतःशी काहीतरी बडबडली, मान वळवली. सात मिनिटांत झोपली.

मी दारापासून मागे फिरून टेबलाशी बसले. मला आनंद व्हायला हवा होता.

*

शनिवारी उणे अकरा होतं. चर्चच्या सभागृहाच्या पायरीशी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, मी बाबागाडी लावली. हेल्वीमावशी आत खिडकीशी काठी घेऊन बसली.

"जा," ती म्हणाली. "रडली तर मी काचेवर टकटक करेन. बाकी माझ्याच्याने काही होणार नाही, ते तुला माहीतच आहे."

वेन्ला जागी होती. मी तिचं पांघरूण सारखं केलं, दांड्यावरून हात काढला आणि मागे न बघता गेले.

प्रार्थना झाली. आम्ही सहा जणांनी पेटी कबरीपाशी आणली. कपडे थंडीने कडक, बर्फ खणून बाजूला केलेला, कडेला लाकडी फळ्या. दफनसंस्थेचा माणूस हळू आवाजात सांगत होता. पट्टे पेटीखालून गेलेत, दोन्हीकडून सारखे सोडा, हिसका नको. पेटी तळाला लागली की डावीकडच्यांनी टोक सोडायचं, उजवीकडचे ओढून घेतील.

"डावीकडचे म्हणजे आम्ही?" मी विचारलं.

"हो. तुम्ही सोडायचं."

आम्ही उतरवू लागलो. पट्टा माझ्या हातमोज्यांतून थोडा थोडा सरकत गेला. आई जड नव्हती. समोर पेत्री खालचा ओठ चावून उभा होता. सोड, धर, सोड, धर. मनगट आपोआप चालत होतं, गेल्या दोन आठवड्यांत ते एवढंच तर शिकलं होतं. मग पट्टा एकदम हलका झाला. पेटी टेकली होती.

दोघा चुलतभावांनी टोकं सोडली. समोरच्यांनी त्यांचे पट्टे ओढून घेतले. माझ्या हातातलं टोक हातातच राहिलं. पट्ट्यात थरथर येत नव्हती. तरी मी वाट पाहत होते.

"मिर्वा," पेत्री कबरीपलीकडून म्हणाला, अगदी हळू, घरात मूल झोपलेलं असताना बोलावं तसं. "झोपलीय ती. सोड."

मी टोक सोडलं. ते कडेवरून घसरत खाली गेलं, पेटीखालून फिरलं आणि पेत्रीच्या बाजूने वर आलं. त्याने ते कोपरावरून गुंडाळलं. बाकीच्यांनी आपापले पट्टे त्या माणसाच्या हातात नुसतेच दिले होते.

फुलं वाहिली गेली, लोक एकेक करून पुढे आले. मी सभागृहाकडे कान लावून होते. तिकडून काहीच आलं नाही, टकटक नाही, रडणं नाही. मी शक्य तितकं सावकाश चालत गेले.

वेन्ला झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वासाची वाफ. मी आत गेले. टेबलांवर कप मांडले जात होते, वेलदोड्याचा वास होता.

"काय सांगू तुला," हेल्वीमावशी म्हणाली. "आवाज नाही काढला पोरीने. चिमणीएवढासुद्धा नाही. शिकली बाई."

"लगेच झोपली?"

"लगेच नाही. आधी थोडा वेळ त्या दांड्याकडे बघत होती."

"किती वेळ?"

"घड्याळ कुठे बघितलं मी? थोडाच." तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग बघायची थांबली."